सँडविचच्या काउंटरवर पहिल्यांदा उभं राहताना : सांगलीत नव्यानं आलेल्यांसाठी

मी विश्रामबागला राहते, वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्यानं देते. दरवर्षी पावसाळ्यात नव्या मुली येतात, कुणी जतची, कुणी आटपाडीची, कुणी विट्याकडची, आणि पहिल्या महिन्याभरात प्रत्येकीचं एकदा तरी सँडविचच्या दुकानात काहीतरी होतंच. मागच्या जुलैत एक पोरगी संध्याकाळी जिना चढून आली, हातात कागदात गुंडाळलेलं पार्सल तसंच, उघडलेलं पण नाही, आणि मला म्हणाली, काकू, बोर्डावर १९९ लिहिलं होतं ओ, मग ४०८ कसे झाले?

मी बिल बघितलं. सँडविच १९९, चीज ४०, एक्स्ट्रा पनीर ६०, कॉम्बो ९०, झाले ३८९, त्यावर ५ टक्के जीएसटी १९ रुपये ४५ पैसे. बेरीज बरोबर होती, कुणी फसवलं असं म्हणता येत नव्हतं. "तो भराभर विचारत होता आणि मागं लाईन होती, मी प्रत्येकाला हो म्हणत गेले," ती म्हणाली. आणि वरून त्यात हिरव्या गोल गोल चकत्या होत्या त्या तिला ढबू मिरची वाटल्या, त्या निघाल्या हालापिन्यो मिरचीच्या, व्हिनेगरमधल्या, दोन घासात डोळ्यात पाणी. मेसचे चार-पाच दिवसांचे पैसे गेले आणि पोट रिकामंच.

हीच पोरगी गणपती पेठेत भडंग घ्यायला गेली असती तर चाखून बघितलं असतं, तिखट का साधं विचारलं असतं, पाव किलो म्हणजे पाव किलोच घेतलं असतं. सँडविचच्या काचेपुढं मात्र भल्याभल्यांची जीभ अडते, कारण तिथले प्रश्न माहीत नसतात. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय, जे मी आमच्या मुलींना तोंडी सांगते तेच.

आधी दुकान कुठल्या प्रकारचं ते ओळखा

सँडविच मिळतं ती ठिकाणं मोटामोटी तीन. एक गाडा किंवा छोटा गाळा, तिथं मुंबई पद्धतीचं व्हेज, टोस्ट, ग्रिल, चीज चिली असलं मिळतं, कॉलेज कॉर्नरपासून शंभर फुटी रोडपर्यंत कुठंही संध्याकाळी दिसतील. दुसरं कॅफे, जिथं बसायला खुर्च्या, मेनू कार्ड, सँडविचसोबत चार वेफर्स आणि कपभर सॉस. तिसरं सब म्हणतात त्या लांबट पावाचं काउंटर, काचेमागं भाज्यांचे डबे मांडलेले आणि तुम्ही सांगाल तसं समोर भरून देणार.

गोंधळ होतो तो या तिसऱ्या प्रकारात. ही पद्धत आपल्याकडची नाही, सबवे नावाच्या साखळीमुळं ती जगभर माहीत झाली. १९६५ साली अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावात फ्रेड डेलुका नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं कॉलेजच्या फीसाठी म्हणून पीटर बक या ओळखीच्या अणुशास्त्रज्ञाकडून हजार डॉलर घेऊन ते पहिलं दुकान काढलं. भारतात ते आलं २००१ मध्ये, दिल्लीत. आता त्या धर्तीवर चालणारी लोकल दुकानं पण सगळीकडं झालीत. हे सांगायचं कारण एवढंच की हा पाणबुडीच्या (म्हणजे सबमरीनच्या, त्यावरूनच सब) आकाराचा पाव आणि त्यात काय घालायचं ते गिऱ्हाईकानं ठरवायचं, हीच त्या दुकानाची मूळ कल्पना आहे, म्हणजे तुम्ही "हे नको, ते कमी घाला" म्हणलात तर ते नखरे नाहीत, तिथं तसंच करायचं असतं.

आणि एक, अशा साखळ्यांची दुकानं बहुतेक फ्रँचायझीवर असतात. पाटी कंपनीची, मालक इथला कुणीतरी. त्यामुळं मोबाईलवर बघितलेली ऑफर या दुकानात असेलच असं नाही, "निवडक दुकानांत" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय. लाईनीत उभं राहायच्या आधी मोबाईल पुढं करून विचारा, दादा ही ऑफर इथं चालते का? तो नाही म्हणाला तर तुम्ही परत जायला मोकळे. सँडविच तयार झाल्यावर विचारलंत तर अडकलात.

लाईनीत उभं राहण्याआधी बोर्ड वाचा, पूर्ण वाचा

बोर्डावर मोठ्या अक्षरात असतो तो सगळ्यात छोट्या साईझचा दर. खाली कुठंतरी "टॅक्स एक्स्ट्रा" किंवा नुसती चांदणी काढलेली असते. चीज, पनीर, दुसरी पॅटी यांचे दर बाजूला वेगळ्या चौकटीत असतात, ते मान वर करून वाचायचे. हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, जुन्या पाट्यांवर तपकिरी गोलच असतो अजून. ज्या कंपनीची दहा किंवा जास्त दुकानं आहेत तिला १ जुलै २०२२ पासून मेनूवर पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात आणि ॲलर्जीची माहितीही द्यावी लागते, तेव्हा कुणाला शेंगदाणा, दूध, गहू, सोया असलं काही सोसत नसेल तर तोंडानं पण विचारा आणि लेखी पण मागा.

पैसे किती खर्च करायचे ते बोर्ड वाचतानाच ठरवा. आमच्या मुलींना मी सांगते, आकडा आधी मनात पक्का करा आणि मग पुढं व्हा.

काचेपुढचे प्रश्न, ज्या क्रमानं येतात त्या क्रमानं

पहिला प्रश्न साईझ. सहा इंच का फुटलाँग. सहा इंच म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर, तुमच्या कंपास पेटीतली पट्टी डोळ्यापुढं आणा, तेवढं. एका माणसाला नाष्ट्याला बास होतं. फुटलाँग त्याच्या दुप्पट, दोघी असाल तर फुटलाँग घेऊन मधून कापून घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं, पण दोन्ही अर्ध्यांत सॉस वेगळा हवा असेल तर ते सुरुवातीलाच सांगायला लागतं.

या लांबीवरून परदेशात मोठं भांडण झालेलं आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पोरानं फुटलाँगवर टेप ठेवून फोटो टाकला, भरला ११ इंच, आणि त्यावरून अमेरिकेत खटले पडले. तडजोड झाली होती पण २०१७ मध्ये वरच्या कोर्टानं ती मोडीत काढली, कारण तिच्यातून गिऱ्हाईकाच्या हाताला काही लागत नव्हतं, वकिलांची फी तेवढी निघत होती. आणि पिठाचा गोळा ठरलेल्या वजनाचाच असतो, भाजताना पाव कधी लांबीला कमी येतो कधी रुंदीला, हेही त्यात निघालं. मला विचाराल तर पावाची लांबी मोजत बसू नका, आत काय पडतंय ते मोजा. पनीरचे तुकडे किती, पॅटी एक का दोन, हे विचारायचं. "सहा इंचाला किती पीस येतात?" एवढं म्हणलं की समोरचा हात जरा जपून चालतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न ब्रेड. नावं इंग्रजी, पाच-सहा प्रकार, आणि पोरं इथंच गडबडतात. साधा पांढरा, गव्हाचा किंवा मल्टिग्रेन, आणि वर मसाला-चीज लावलेला, एवढे तीन गट समजून घ्या, बाकी सगळं त्याच्यातच बसतं. गव्हाचा म्हणलं तरी त्यात मैदा असू शकतो हं. आमच्या ह्यांना शुगर आहे म्हणून मी यात जास्त लक्ष घालते, हा पाव आपल्या लादीपावापेक्षा गोडसर लागतो. आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सबवेच्या तिथल्या पावाबद्दल निकाल दिला होता की पिठाच्या १० टक्के साखर असल्यानं त्यांच्या करकायद्यात तो "ब्रेड" म्हणून धरता येणार नाही, तिथली मर्यादा होती २ टक्के. तो तिथला पाव आणि तिथला कायदा, पण शुगरवाल्यांनी सहा इंचावर थांबावं आणि गोड सॉस टाळावा हे मी माझ्या जबाबदारीवर सांगते.

तिसरा प्रश्न आतलं सारण, म्हणजे बोर्डावर वाचून ठरवलेलं असतं तेच नाव परत सांगायचं.

मग चीज. नीट लक्ष द्या. "चीज घालू का?" हा प्रश्न अगदी सहज येतो, आपल्या घरात कुणी "तूप वाढू का" विचारावं तसा, आणि आपणही तसंच हो म्हणतो. पण हे कधी दरात धरलेलं असतं आणि कधी नसतं. तेव्हा उत्तर एकच : "त्याचे वेगळे पैसे आहेत का?" लाजू नका. ते वाक्य घरी आरशापुढं म्हणून बघा, खरंच सांगते, आमच्या एका मुलीला मी स्वयंपाकघरात उभं करून तीनदा म्हणायला लावलं होतं. "एक्स्ट्रा" हा शब्द कानावर पडला की थांबायचंच.

पाचवा प्रश्न, टोस्ट करू का? याचे पैसे सहसा नसतात. हो म्हणा. गरम झालेला पाव शिळा आहे का ताजा ते लगेच कळतं, ताजा वरून कुरकुरीत आणि आत मऊ राहतो, शिळा असेल तर दोन मिनिटांत चामट होतो.

मग भाज्या. इथं मात्र तुमचा हक्क सगळ्यात मोठा आणि सगळेजण इथंच गप्प बसतात. सहसा भाज्यांचे वेगळे पैसे नसतात, काकडी, टोमॅटो, कांदा, ढबू, लेट्यूस म्हणजे ती कोबीच्या कोवळ्या पानासारखी पानं, काळे ऑलिव्ह, आणि ती मिरची. "सगळं घाला" म्हणू नका, बोट दाखवून एकेक सांगा. ऑलिव्ह खारट-तुरट लागतात, पहिल्यांदा असाल तर दोन चकत्याच घ्या. हिरव्या जाड कडेच्या चकत्या बिया असलेल्या दिसल्या तर ती हालापिन्यो, ढबू नाही. टोमॅटोच्या डब्यात तळाला पाणी साठलेलं दिसलं किंवा लेट्यूसच्या कडा काळपट झाल्या असल्या तर ते नको म्हणायचं, दुसरा डबा असतो आत, मागितला की काढतात.

सॉस सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात जास्त सँडविचं इथंच बिघडतात. तो तीन बाटल्या हातात घेऊन उभा असतो, तुम्ही एक सांगितला तरी विचारतो अजून कुठला, आणि मग मेयोनीज, मस्टर्ड, गोड कांद्याचा, बार्बेक्यू असं सगळं एकमेकात जाऊन शेवटी कशाचीच चव लागत नाही, पाव भिजतो, कोपरावरून ओघळ येतो. नवीन माणसानं दोन सॉस घ्यावेत, एक तिखट एक क्रीमवाला, आणि "एकच रेघ" म्हणून सांगावं. रेघ म्हणलं की समजतंय त्यांना.

आणि मग गल्ल्यावर, "कॉम्बो करून देऊ का?" म्हणजे कोल्ड्रिंक आणि कुकी किंवा वेफर्स. तहान लागलेली नसेल तर नको म्हणा. "एवढंच, बाकी काही नको, एकूण किती झाले?" हे वाक्य पैसे द्यायच्या आधी, स्कॅनर पुढं करायच्या आधी. आकडा ऐकायचा, मनातल्या आकड्याशी जुळवायचा, मगच यूपीआयचा पिन टाकायचा. स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतंय तेही बघा, दुकानाचं का कुणा भलत्याचंच.

वार पाळणारे, जैन, आणि हातमोजे

आपल्या भागात हा विषय मोठा आहे. सांगलीत जैन घरं भरपूर, गुरुवार-शनिवार पाळणारे भरपूर, श्रावणात तर विचारूच नका. व्हेज-नॉनव्हेज एकाच काउंटरवर असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी म्हणायचं, दादा हातमोजे बदला आणि सुरी वेगळी घ्या. चांगल्या दुकानात न चिडता बदलतात. जो तोंड वाकडं करतो तिथून निघून यायचं, भांडायचं नाही, निघून यायचं. टोस्टरमध्ये पण विचारा, खाली कागद घालतात का तसंच ठेवतात.

जैन सँडविच मागितलं की कांदा-बटाटा-बीट काढतात, पण हिरव्या चटणीत लसूण असते हे गाड्यावरची पोरं विसरतात, मुद्दाम नाही करत ते, पण विसरतात. तेव्हा "चटणीत लसूण आहे का" हा प्रश्न वेगळा विचारायचा. काही ठिकाणी बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं घालतात, मला तर ते बटाट्याहून आवडतं.

गाड्यावरचं सँडविच

माझा जीव खरा इथं आहे. चांगला सँडविचवाला बघायला उभं राहा एकदा. मोठ्या चौकोनी ब्रेडच्या स्लाईस पत्त्यासारख्या मांडतो, बटर कडेपर्यंत ओढतो, कारण बटर लावलेलं असलं की चटणीचं पाणी पावात मुरत नाही, मग हिरवी चटणी, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, प्रत्येक थरावर चिमटीनं मसाला, वरची स्लाईस, हातानं हलकं दाबायचं आणि ग्रिलरमध्ये. बाहेर काढल्यावर वर परत बटर, सहा तुकडे, वरून शेव आणि किसलेलं चीज. चटणी कडेपर्यंत लावतो का मधेच थापतो यावरून माणूस कळतो.

इथल्या तक्रारी वेगळ्या. "बटर" म्हणून पिवळं मार्जरीन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, लावतात, आणि "चीज" म्हणून भलतंच काहीतरी किसतात जे वितळतच नाही, नुसतं घाम फुटल्यासारखं तेल सोडतं. वनस्पती तेलापासून केलेल्या वस्तूला चीज म्हणून विकायला परवानगी नाही, पण गाड्यावर कोण बघतंय. तुम्ही बघा. पाकीट समोरच असतं, "मामा कुठलं चीज वापरता?" विचारलं की चांगला मामा पाकीट उचलून दाखवतो.

बटाटा हा दुसरा मुद्दा. शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली थंड नाहीतर ६० अंशांच्या वर गरम ठेवायचं असतं, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी उकडलेला बटाटा संध्याकाळी सातपर्यंत गाड्यावर उघडा राहिला तर त्याचं काय होणार सांगा. उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरा गाड्यावर बटाट्याचं आणि मेयोनीजचं मी घेत नाही, आणि पोरींना घेऊ देत नाही. काकडी-टोमॅटो-चटणीचं टोस्ट घ्या, झकास लागतंय.

आणि वर्तमानपत्राचा कागद! अजून देतात. छपाईच्या शाईत शरीराला वाईट असणारी द्रव्यं असतात आणि गरम तेलकट पदार्थाला ती लागतात, म्हणून २०१९ पासून लागू झालेल्या पॅकेजिंगच्या नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला बंदीच आहे. मी डबा घेऊन जाते. पहिल्यांदा त्या सँडविचवाल्यानं बघितलं माझ्याकडं, आता मी दिसले की तोच म्हणतो, ताई डबा द्या.

बिल

बिल मागायचं. बिल नाही तर पुढची कुठलीच पायरी नाही. बिलावर तीन गोष्टी बघा.

जीएसटी. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, बिलावर अडीच-अडीच असा दोन ओळीत दिसतो. बिलावर जीएसटी नंबर नसेल आणि तरी टॅक्स लावला असेल तर तो द्यायचा नाही. काही छोटी दुकानं कंपोझिशन म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाईकाकडून टॅक्स वेगळा घ्यायचा अधिकारच नसतो आणि तसं त्यांनी बिलावर लिहायचं असतं.

सर्व्हिस चार्ज. हा टॅक्स नाही, सरकारकडं जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलंय की तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानं पण नाही, आणि दिल्ली हायकोर्टानं २८ मार्च २०२५ ला ते योग्य ठरवलं. कॅफेत लावला तर शांतपणे म्हणायचं, हा काढून बिल द्या. काढतात.

तिसरं, १४ आकडी एफएसएसएआय (केंद्र सरकारचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नंबर, तो बिलावर असायला लागतो जानेवारी २०२२ पासून. १ नं सुरू झाला तर लायसन्स, २ नं सुरू झाला तर छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन. तक्रार करायची वेळ आली की हाच नंबर उपयोगी येतो.

पाण्याच्या बाटलीवरून वाद घालू नका, बसून खायच्या हॉटेलनं एमआरपीपेक्षा जास्त घेतलं तरी चालतं असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. घरून बाटली भरून न्या.

पार्सल आणि ॲप

सँडविच हा पार्सलचा पदार्थच नाही असं माझं मत, वीस मिनिटांत पाव घाम धरतो. न्यायचंच असेल तर सॉस वेगळा बांधून मागा, टोमॅटो कमी घाला सांगा, आणि दुकानातच पाकीट उघडून बघा.

ॲपवर मागवलं तर डिलिव्हरीवाला उभा असतानाच जमलं तर उघडायचं, त्याच्यावर ओरडायचं नाही, तो बिचारा पावसात आलेला असतो आणि आत काय आहे ते त्याला माहीत नसतं. एखादी वस्तू कमी असेल किंवा भलतंच आलं असेल तर खायच्या आधी फोटो, बिलासकट एका फ्रेममध्ये, आणि त्याच तासाभरात ॲपमध्ये तक्रार. अर्धं खाऊन मग तक्रार केली तर कोण ऐकणार? आणि शाकाहारी मागवून नॉनव्हेज आलं तर रिफंडवर गप्प बसू नका, ती गंभीर गोष्ट आहे, खाली सांगितलंय तिथं कळवा.

बिघडलं तर

दोन वर्षांमागं माझ्या बाबतीत झालेलं सांगते. नाव घेत नाही दुकानाचं. शनिवारी संध्याकाळी ग्रिल सँडविच घेतलं, घरी आणलं, उलटं करून ताटात ठेवलं तर खालच्या स्लाईसच्या कडेला, जिथं ग्रिलरची रेघ उमटली नव्हती, तिथं नखाएवढा हिरवट-पांढरा बुरशीचा ठिपका. धाकट्यानं त्यातला एक तुकडा तोंडात घातला होता. माझा जीव असा वर-खाली झाला, मी त्याला थुंकायला लावलं, आणि तशीच ताट घेऊन गाडीवर बसून दुकानात. तिथं काउंटरवर एक पोरगा, वीस वर्षांचा असेल, मी त्याच्यावर एवढी ओरडले की दुकान शांत झालं. तो नुसता सॉरी सॉरी म्हणत होता, हात थरथरत होते त्याचे. नंतर कळलं तो पण शिकायलाच आलेला, संध्याकाळी तिथं काम करून फी भरायचा, आणि ब्रेड किती दिवसांचा ठेवायचा हे तो ठरवत नव्हता, मालक ठरवत होता. मालक तर त्या दिवशी फोनपण उचलत नव्हता. आणि मी रागाच्या भरात सँडविच तिथंच टाकून आले, फोटो नाही, बिल नाही. सोमवारी मालक भेटला तेव्हा सरळ म्हणाला, आमच्याकडचं कशावरून?

तेव्हा क्रम असा ठेवा. खायचं थांबवायचं. फोटो काढायचा, पदार्थ आणि बिल एकत्र, आणि जमलं तर ब्रेडच्या पाकिटावरच्या तारखेचा. सँडविच टाकायचं नाही, डब्यात घालून फ्रीजमध्ये. मग दुकानात जाऊन मालकाशी किंवा मॅनेजरशी बोलायचं, काउंटरवरच्या पोराशी नाही, त्याला फक्त सांगायचं, बाळा तुझ्या मालकाला फोन लाव. काय हवंय ते स्पष्ट मागायचं : दुसरं करून द्या किंवा पैसे परत द्या. बरेचसे मालक इथंच ऐकतात, गाव लहान आहे, सगळ्यांना रोज तोंड दाखवायचं असतं. साखळीचं दुकान असेल तर कंपनीला पण त्याच दिवशी ईमेल टाका.

नाहीच ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर देतात तो लिहून ठेवा. खाण्यात किडा, बुरशी, शिळं असं असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं, टोल-फ्री १८००-२२२-३६५, किंवा एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट ॲप आहे, त्यात दुकानाचा तो १४ आकडी नंबर टाकून फोटो जोडता येतो. त्याच्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. दोनशे रुपयांच्या सँडविचसाठी कुणी आयोगात जात नाही हे मला कळतं. पण १९१५ ला फोन करायला पाच मिनिटं लागतात, तेवढं करा, कारण त्याच ब्रेडचं सँडविच तुमच्यामागच्या लाईनीतल्या पोरानं पण खाल्लेलं असतं.

आणि जायची वेळ. शनिवार-रविवार संध्याकाळी सात ते नऊ टाळा, तेव्हा घाई असते, प्रश्न भराभर येतात आणि हातमोजे कुणी बदलत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर मधल्या वारी दुपारी चारच्या सुमाराला जा, काउंटर रिकामा असतो, पोरगा निवांत असतो, आणि "हे काय आहे, ते काय आहे" असं प्रत्येक डब्यावर बोट ठेवून विचारलंत तरी सांगतो, एखादी चकती चाखायलाही देतो.